अब्बांची वही आणि सौरपंपाचं कुलूप



जागतिक व्यापार, पेटंट आणि स्वच्छ तंत्रज्ञान असा विषय माझ्याकडे आला, तेव्हा मला आधी हसू आलं. मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तो मराठी घेऊन, आणि अर्थशास्त्राच्या पेपरात काठावर पास. पण मग आठवलं, की कविता नंतर आली. त्याआधी मी मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रीचा मुलगा आहे. या विषयाची एक बाजू मी शाळेत जायच्या आधीपासून पाहत आलो आहे, फक्त तिला हे मोठं नाव आहे हे ठाऊक नव्हतं. तेव्हा आज मी आमच्या कऱ्हाडच्या दुकानातूनच बोलतो.

अब्बांनी हे दुकान टाकलं १९७२ साली. दुष्काळाचं वर्ष. त्यानंतर गावोगाव विहिरी खोल झाल्या, विजेचे खांब आले, आणि खांबापाठोपाठ पाण्याच्या मोटारी आल्या. मोटार आली की ती जळणार हे ठरलेलं. कमी दाबाची वीज, एक फेज गेलेली, रात्री दोनला सुरू करून शेतकरी झोपलेला. सकाळी मोटारीतून धूर. मग ती बैलगाडीतून, पुढं टेम्पोतून दुकानात यायची. अब्बा ती उघडायचे. जळालेली तार छिन्नीनं कापून, ओढून काढायचे, आणि काढताना एकेक वेढा मोजायचे. तारेची जाडी मायक्रोमीटरवर बघायचे. खाचे किती, कॉइल कुठून कुठं गेली, जोड कसे दिले, हे सगळं एका लांबट, लाल पुठ्ठ्याच्या वहीत उतरायचं. किराणा दुकानात उधारीची असते तशी वही. 'पाच एचपी, ३६ खाचे' असं लिहून पुढं टर्न आणि गेज. कंपनी कोणती तेही. एकदा वहीत आलेली मोटार पुन्हा कधी परकी राहत नसे.

कुठल्याही कारखान्यानं अब्बांना नकाशा दिला नव्हता. त्यांनी मागितलाही नव्हता. वस्तू उघडली की ती आपलं गुपित सांगते, असं ते म्हणायचे. आमच्या घरात याला हुन्नर म्हणत. तालुक्यात असे तीस-चाळीस मिस्त्री होते, प्रत्येकाची आपली वही, आणि अडल्यावर एकमेकांच्या वहीत डोकावायला कुणाची मनाई नव्हती. (अब्बांचा एका मिस्त्रीशी अबोला होता, पण त्याचं कारण वही नव्हे, एका लग्नातलं मटण होतं.)

आता या अडाणी वाटणाऱ्या कारभारामागंसुद्धा एक कायदेशीर गोष्ट दडलेली होती. फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणाऱ्या या मोटारीची पेटंटं निकोला टेस्लानं १८८८ साली अमेरिकेत घेतली. त्यांची मुदत १९०५ च्या सुमाराला संपली. म्हणजे ती आमच्या दुकानात पोचली तेव्हा सगळ्या जगाची झालेली होती. पेटंट हा शब्द मुळात 'उघडं' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. संशोधकानं आपली युक्ती कागदावर उघड करायची, त्या बदल्यात ठरावीक वर्षं ती वापरण्याचा मक्ता त्याला मिळणार, आणि मुदत संपली की ती सर्वांची. सौदा म्हणून यात मला काही वाईट दिसत नाही.

मी स्वतःही याच सौद्यावर थोडाफार जगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझी कविता छापली. खाली ना नाव, ना विचारणा. मी भांडलो. पत्रं लिहिली. शेवटी पंधराशे रुपये आणि उरलेली चाळीस कॅलेंडरं मिळाली. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणावर वारसांचा हक्क राहतो. माझ्या नातवंडांना त्यातून एक वेळचा चहा सुटला तरी पुष्कळ. पण भांडलो मी, हे खरं. तेव्हा बुद्धीची मालकी ही फक्त परक्या कंपन्यांची खोड आहे, असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

फरक एवढाच, की माझी कविता कुणी वाचली, पाठ केली, तिच्यासारखी दुसरी लिहिली, तर मी त्याला अडवू शकत नाही. वस्तूंच्या जगात आता नेमकं तेच अडवलं जातं.

मागच्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे एक शेतकरी आमच्या धाकट्या भावाकडे आले. दुकान आता भाऊ चालवतो. या आबांची आणि त्याची वीस वर्षांची ओळख. त्यांनी विजेच्या जोडणीची वाट बघून बघून सरकारी योजनेतून सौरपंप घेतला होता. दहा टक्के रक्कम आपण भरायची, बाकीचं अनुदान. दिवसा पाणी, बिल नाही, रात्री साप-किरडातून जाणं नाही. तीन वर्षं आबा खूश होते. कांदा पोसायच्या ऐन वेळेला पंप थांबला. कंट्रोलरच्या पडद्यावर इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे. त्यांनी कंट्रोलरचा डबा खोलून काढला, पोत्यात गुंडाळला आणि मोटारसायकलवर कऱ्हाडला आणला.

"मिस्त्री, बघा जरा. तुमच्या हातानं व्हईल."

भावानं डबा उलटा केला. स्क्रूवर चिकटपट्टी: सील तुटल्यास हमी रद्द. पाच वर्षांच्या देखभालीची दोन वर्षं अजून शिल्लक होती. कंपनीला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. आतल्या सेटिंगला पासवर्ड होता आणि तो फक्त कंपनीच्या माणसाकडे. तो माणूस आला एकोणिसाव्या दिवशी. लॅपटॉप जोडला, दहा मिनिटांत पंप सुरू करून गेला. पण निम्मा कांदा तोवर गेला होता आणि उरला ती गोलटी. टँकरनं दोन-चार वाफे जगले, तेवढेच.

त्या संध्याकाळी भाऊ मला म्हणाला, "भाई, मला येत नाही असं नाही. मला उघडायला बंदी आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आणि मग मी या विषयाचं वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की हेच वाक्य गेली तीस-पस्तीस वर्षं गरीब देशांचे प्रतिनिधी मोठमोठ्या सभागृहांतून, फार सभ्य भाषेत, बोलत आले आहेत.

थोडं मागं जाऊ. आमच्या दुकानाला लागून फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं, अजून आहे. त्या काळच्या फ्रिजमध्ये आर-१२ नावाचा वायू असे. पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला या जातीचे वायू भोकं पाडतात असं सिद्ध झालं, आणि १९८७ साली मॉन्ट्रियल इथं करार झाला की हे वायू बंद करायचे. भारत आणि चीन सुरुवातीला बाहेर राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं: भोक तुम्ही पाडलं, आमच्याकडे फ्रिज आत्ता कुठे येताहेत, बदली वायू बनवायची विद्या आणि त्याचा खर्च कोण देणार? त्यातून १९९० साली लंडनमध्ये करारात दुरुस्ती झाली, गरीब देशांसाठी निधी उभा राहिला, आणि तंत्रज्ञान 'न्याय्य आणि अत्यंत अनुकूल अटींवर' द्यावं असं कलमही आलं. भारत १९९२ मध्ये सामील झाला.

कलम कागदावर राहिलं. बदली वायूचं नाव आर-१३४ए. तो बनवण्याची कृती मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हातात होती. भारतीय उद्योगानं ती विकत मागितली, तेव्हा किंमत सांगितली गेली ती अडीच कोटी डॉलर. नाहीतर इथल्या कारखान्यात आमची मालकी निम्म्याहून जास्त ठेवा, आणि माल बाहेर विकू नका. म्हणजे 'देत नाही' असं कुणी म्हटलं नाही. फक्त देण्याची किंमत अशी सांगितली की घेणारा उठून जावा. शेवटी इथल्याच रसायनतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं खपून आपली कृती बसवली. आता गंमत बघा, तो आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही खरा, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून भारी. म्हणून २०१६ मध्ये किगालीला नवा करार झाला, आणि आता हाही हळूहळू बंद करायचा आहे. गाड्यांच्या एसीसाठी जो नवा वायू पुढं आला तो पुन्हा पेटंटांच्या जाळ्यात. शिडी चढावी तर वरची पायरी अजून एक पायरी वर.

याच फ्रिजच्या गोष्टीला दुसरी एक बाजू आहे, ती मला फार आवडते. १९९२-९३ सालची. पूर्व जर्मनीतला, देश एक झाल्यावर बुडायला आलेला एक जुना फ्रिज कारखाना. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेनं त्याला गाठलं आणि सांगितलं, साध्या हायड्रोकार्बन वायूंवर, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या भावंडांवर, चालणारा फ्रिज बनवा. मोठ्या कंपन्यांनी आधी चेष्टा केली, मग स्फोट होईल म्हणून भीती घातली. फ्रिज झाला, चालला, आणि ती युक्ती कुणाच्याही मालकीची न ठेवता जगाला मोकळी देण्यात आली. आज तुमच्या घरच्या नव्या फ्रिजमागचं लेबल वाचा. बहुधा आर-६००ए लिहिलेलं असेल. तोच तो. जगात असे अब्जाच्या घरात फ्रिज झाले. शेजारच्या मिस्त्रीला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणूनच याचं सगळं सामान बाजारात मिळतं होय!"

म्हणजे दोन्ही रस्ते एकाच शेजाऱ्याच्या दुकानातून गेले. एकाला कुलूप, दुसरा मोकळा.

आता कुलुपाचा कायदा. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्याबरोबर 'ट्रिप्स' नावाचा करार. कापूस, पोलाद, तांदूळ यांच्या व्यापाराच्या टेबलावरच बुद्धीची मालकी येऊन बसली. सदस्य व्हायचं तर सर्व क्षेत्रांत पेटंट द्या, तेही २० वर्षांचं. आपला १९७० चा पेटंट कायदा वेगळ्या विचारानं केला होता. औषध, अन्न, रसायन यांत वस्तूवर पेटंट नाही, फक्त कृतीवर. म्हणजे दुसऱ्या कृतीनं तीच वस्तू तुम्ही करू शकता. आपली औषधं जगात स्वस्त झाली ती या एका फटीतून. २००५ मध्ये ती फट बुजवावी लागली.

ज्यांनी हा नियम जगाला घालून दिला, त्यांची स्वतःची वही चाळली तर मात्र करमणूक होते. अमेरिकेतली पहिली यशस्वी सूतगिरणी सॅम्युएल स्लेटर नावाच्या इंग्रज तरुणानं उभी केली. तो १७८९ साली यंत्रांची रचना डोक्यात पाठ करून, वेष बदलून बोटीत बसला होता, कारण इंग्लंडमधून यंत्र, नकाशा किंवा जाणता कारागीर बाहेर जाऊ द्यायला बंदी होती. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा त्याची पुस्तकं तिथं छातीठोक चोरून छापली जात होती. त्यानं तक्रार केली तर वर्तमानपत्रांनी त्यालाच हावरट ठरवलं. परक्या लेखकाचा हक्क अमेरिकेनं मान्य केला तो १८९१ साली. आणि हॉलंडनं तर १८६९ मध्ये पेटंटचा कायदाच रद्द करून टाकला होता, तो १९१२ पर्यंत परत आणला नाही. त्या मोकळ्या मधल्या काळात, १८९१ साली, आइंडहोवन गावात फिलिप्स मंडळींनी बल्बचा कारखाना काढला. लहानपणी आमच्या दुकानात जो बल्ब लोंबायचा त्यावर हेच नाव होतं.

कॅलेंडरवाल्यांशी भांडताना मला डिकन्सची ही गोष्ट माहीत असती तर पत्रात घातली असती.

ट्रिप्समध्ये गरिबांसाठी काहीच नाही असंही नाही. संकटाच्या वेळी सरकार सक्तीचा परवाना देऊ शकतं. २००१ च्या दोहा जाहीरनाम्यानं औषधांच्या बाबतीत तो हक्क ठणकावून सांगितला. २०१२ च्या मार्चमध्ये भारतानं तो वापरलाही: मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं एक औषध महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांना होतं, ते एका भारतीय कंपनीला ८,८०० रुपयांत विकण्याची परवानगी मिळाली. हवामानाच्या तंत्रज्ञानासाठीही दोह्यासारखा जाहीरनामा व्हावा, असं विकसनशील देश २००९ च्या कोपनहेगन परिषदेच्या आगेमागे सांगत राहिले. झाला नाही. श्रीमंत देशांनी आपल्या कंपन्यांना तंत्रज्ञान देण्यासाठी उत्तेजन द्यावं असं एक कलम आहे, ६६.२, पण ते फक्त सर्वांत मागास देशांपुरतं. आपण त्या यादीत नाही. माणच्या आबांना हे कसं समजावून सांगायचं?

पण इथं मला एक कबुली द्यावी लागेल. मी वाचायला बसलो तो सगळा दोष पेटंटचा निघेल या खात्रीनं. तसं निघालं नाही. जॉन बार्टन नावाचे स्टॅनफर्डचे कायद्याचे प्राध्यापक होते. त्यांनी २००७ साली सौर, पवन आणि जैवइंधन या तिन्हींचा अभ्यास करून लिहिलं की इथं औषधासारखी स्थिती नाही. सौर सेलची मूळ कल्पना जुनी, १९५४ सालची, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेची. स्पर्धक अनेक. पेटंट आहेत ती सुधारणांवर, आणि ती पैसे देऊन मिळतात किंवा वळसा घालून टाळता येतात. चीननं हेच केलं. शी झेंगरोंग हा चिनी विद्यार्थी ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्याकडे सौर सेल शिकला, २००१ मध्ये परत जाऊन त्यानं वूशी शहरात कंपनी काढली. जर्मनीनं २००० साली सौर विजेला चांगला दर देणारा कायदा केला, गिऱ्हाईक तयार झालं. आणि जर्मन यंत्रवाल्यांनीच सेल बनवण्याच्या आख्ख्या यंत्रमाळा चीनला विकल्या. सरकारनं कर्जं ओतली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं मोजलं तर सौर पॅनेलच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला होता.

म्हणजे विद्या कागदावर असते त्यापेक्षा जास्त हातात असते. तो हात कसा मिळवायचा, हा खरा प्रश्न. पेटंटचा कागद वाचून कुणाला सेल बनवता येत नाही, तसा अब्बांची वही वाचून मला मोटार भरता येत नाही. मी प्रयत्न केला आहे. भावानं ती मोटार पुन्हा सोडून भरली.

पवनचक्क्यांची गोष्ट तर आमच्या डोंगरावरचीच. चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर तुम्ही गेला असाल. कोयनेच्या पाण्यावर उभं राहून ती पाती फिरताना बघितली की कविता सुचते, आणि ती बहुधा वाईट असते. पुण्याच्या सुझलॉन कंपनीचे संस्थापक तुलसी तांती मूळचे सुरतेच्या कापडधंद्यातले. विजेचं बिल परवडेना म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये कंपनीच काढली. सुडविंड या छोट्या जर्मन कंपनीशी करार, प्रत्येक यंत्रामागं मानधन. पुढं ती कंपनी बुडाली तेव्हा तिचे अभियंतेच यांनी नोकरीला घेतले. शेवटी बेल्जियमचा गिअर बॉक्सचा कारखाना आणि जर्मनीची रीपॉवर कंपनी विकत घेतली. आणि तरीही, निम्म्याहून जास्त शेअर हातात असूनसुद्धा, उरलेल्या भागधारकांचं हित जपणाऱ्या जर्मन कायद्यामुळं तिथलं तंत्रज्ञान सरळ उचलून पुण्याला आणता येईना. कर्ज मात्र डोक्यावर बसलं. २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी विकावी लागली. दुसरीकडं एनरकॉन या जर्मन कंपनीला एका अमेरिकी कंपनीच्या पेटंटवरून २०१० पर्यंत अमेरिकेच्या बाजारात पाऊल ठेवता आलं नव्हतं. त्याच एनरकॉनचं भारतातल्या आपल्या भागीदारांशी बिनसलं, आणि भागीदारांच्या अर्जावरून तिची डझनभर भारतीय पेटंटं २०१० च्या डिसेंबरात अपील मंडळानं रद्द केली. खटले पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पेटंट नावाच्या काठीचा मार खाल्लेल्यानंच ती दुसऱ्यावर उगारली होती. कोण बरोबर, हे ठरवणारा मी कोण? पण पेटंट हे धर्मतत्त्व नसून भांडणातलं हत्यार आहे, एवढं यातून मला कळलं.

सौर पॅनेलच्या बाबतीत तर आपल्यालाच कोर्टात खेचलं. २०१० च्या जानेवारीत जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं. अट अशी घातली की ठरावीक प्रकल्पांत सेल आणि मॉड्यूल देशी हवेत. उद्देश उघड होता: आपल्याकडे हात तयार व्हावेत. अमेरिकेनं २०१३ मध्ये तक्रार केली. भारत म्हणाला, ही सरकारी खरेदी आहे, त्यात देशी मालाला झुकतं माप द्यायला नियमातच मुभा आहे. न्यायमंडळ म्हणालं, सरकार खरेदी करतंय ती वीज, पॅनेल नव्हे. मुभा विजेला, पॅनेलला नाही. २०१६ च्या सप्टेंबरात अपिलातही आपण हरलो. तर्क बारीक आहे, चूक म्हणता येत नाही. पण गवळ्याकडून दूध घेताना म्हैस गावातलीच हवी असं म्हणायची सोय नाही, असा त्याचा अर्थ. मग भारतानंही अमेरिकेतल्या राज्यांची वही उघडली. तिथंही स्थानिक मालाला सवलती होत्याच! २०१९ च्या जूनमधला निकाल बहुतांशी आपल्या बाजूनं लागला. अमेरिकेनं अपील केलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अपील मंडळच बंद पडलं, कारण अमेरिका नव्या न्यायाधीशांच्या नेमणुका होऊ देत नव्हती. शेवटी २०२३ च्या जूनमध्ये दोघांनी ही आणि इतर भांडणं मिळून सहा प्रकरणं आपसात मिटवली. दहा वर्षं गेली. दरम्यान अमेरिकेनं २०२२ च्या कायद्यानं देशी माल वापरणाऱ्याला जादा करसवलत देऊ केली होती. भारतानं त्याच वर्षी बाहेरच्या मॉड्यूलवर ४० टक्के जकात बसवली. नियमाचं पुस्तक कपाटात, व्यवहार टेबलावर.

युरोपनं आणखी एक पान उघडलं आहे. पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खत असा माल बनवताना किती धूर सोडला, ते बघून सीमेवर आकार घ्यायचा. १ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. त्यावर वेगळं भाषण होईल. स्वच्छ माल आणा म्हणायचं आणि स्वच्छ होण्याची विद्या मात्र बाजारभावानं घ्या म्हणायचं, हे मला पटत नाही, एवढंच आज.

आणि कुलूप आता फक्त पश्चिमेचं राहिलेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीननं काही दुर्मीळ धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जुलैत बॅटरीचं कॅथोड बनवण्याच्या तंत्रज्ञानावरही. ही चुंबकं नव्या जातीच्या मोटारींत लागतात, काही सौरपंपांच्या मोटारींतही. जो काल दुसऱ्याच्या वर्गात बसून शिकला त्यानं आज आपल्या वर्गाचं दार लावून घेतलं. भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आपणपण तेच केलं असतं, भाई." मी गप्प बसलो. त्याचं बहुधा खरं आहे.

तरी मला वाटतं, सरकारचा पैसा जिथं लागतो तिथं एक अट तरी घालता येईल. नव्वद टक्के किंमत जनतेच्या खिशातून जात असेल, तर त्या डब्याचा नकाशा, चुकांच्या आकड्यांचा अर्थ आणि सुटे भाग तालुक्याच्या मिस्त्रीला मिळाले पाहिजेत. यासाठी जिनिव्हाला जावं लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी टेंडर काढताना एक परिच्छेद वाढवावा लागतो. आय. टी. आय. मधल्या पोरांना तेच शिकवता येईल. कंपनीचं पेटंट तिच्यापाशी राहो. दुरुस्त करणं म्हणजे चोरी नव्हे.

गेल्या महिन्यात दुकानात एक कंट्रोलर आला. हमी संपलेला, कंपनीनं फोन उचलणं सोडलेला. मालक म्हणाला, करायचं ते करा. भावानं दुपारच्या नमाजनंतर शटर अर्धं ओढलं आणि डबा उघडला. मी शेजारी स्टुलावर बसून होतो. आत हिरवी पट्टी, त्यावर मुंगीएवढे भाग. एक फुगलेला कपॅसिटर लगेच दिसला, तो बदलला. एक ट्रॅक जळालेला, तो तारेनं जोडला. पण मधल्या मुख्य चिपवर नंबर नव्हता. कारखान्यानंच तो घासून काढला होता, दुसऱ्याला कळू नये म्हणून. भिंगातून भावानं बराच वेळ बघितलं. मग दिव्याखाली तिरका धरून बघितलं.

फळीवर अब्बांची लाल वही होती. त्यानं ती काढली, शेवटची कोरी पानं उलटली, तारीख टाकली. पट्टीचं चित्र काढलं, कुठल्या पिनवर किती व्होल्ट येतात ते लिहिलं. चिपच्या चौकोनात त्यानं लिहिलं, 'नंबर घासलेला. बघणे.'